अर्जाचे रसग्रहण

सामाजिक शास्त्रांच्या ऑनलाइन पदवीला प्रवेशपरीक्षा बहुधा नसते. अर्ज असतो, आणि तो परीक्षेपेक्षा अवघड असतो. आधी आधार, मग श्रेयांक बँकेचा एबीसी आयडी, २०२४ पासून दूरशिक्षण ब्युरोचा डीईबी आयडी; एवढ्या ओळखी पटल्यावरही फोटो हवाच, तोही ठरलेल्या केबीत बसणारा. पुढे रकाने : धर्म, प्रवर्ग, वैवाहिक स्थिती, नोकरी, शहरी की ग्रामीण. ज्या प्रश्नांनी समाजशास्त्रज्ञांची उभी हयात खाल्ली, त्यांची उत्तरे विद्यार्थ्याने शिकायला लागण्यापूर्वीच यादीतून टिचकी मारून द्यायची असतात. म्हणून माझी सूचना अशी, की या पदवीच्या पहिल्याच सत्रात कवितेचे रसग्रहण सक्तीचे करावे. रकान्यात न मावलेला माणूस गेला कुठे, हे शोधायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

पुरावा हवा असेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरींचा अर्ज भरून बघा. शैक्षणिक पात्रता : निरक्षर. वैवाहिक स्थिती : विधवा. व्यवसाय : घरकाम आणि शेती. अर्ज पूर्ण झाला; बाई मात्र त्यात कुठेच आल्या नाहीत. त्या आल्या १९५२ साली, गाणी छापून निघाली तेव्हा. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, पदवीच्या कागदावर ते झळकते. पण खुद्द त्या प्रवेश घ्यायला आल्या असत्या, तर बारावीच्या गुणपत्रिकेपाशी अडकल्या असत्या. कवी नारायण सुर्व्यांच्या अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना बिनबोभाट भरला जातो : गंगाराम. टाकून दिलेले मूल एका गिरणी कामगाराने उचलून आपले म्हटले, हे त्या रकान्याला कळत नाही, आणि कळून घ्यायची त्याला गरजही नाही. सुर्व्यांनी पुढे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह काढला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत ते विद्यापीठ सापडत नाही.

यावर शास्त्राचे लोक म्हणतील, की कविता म्हणजे एकाची भावना. तिच्यावरून समाजाचा निष्कर्ष कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा नमुना मिळाला तर कोणताही सर्वेक्षक नवस फेडून येईल. शिवाय त्याची गुणवत्ता पाहा. सर्वेक्षक दुपारी येऊन ‘घरात काही जाच?’ असे विचारतो, तेव्हा सासू शेजारीच बसलेली असते. ओवी पहाटे म्हटली जाते, तेव्हा सासू झोपलेली असते. सासुरवासाबद्दल कोणते उत्तर खरे मानायचे, हे ठरवायला संख्याशास्त्र लागत नाही. कवी अतिशयोक्ती करतात, असेही म्हणता येईल. करतात, पण उघडपणे. व्याकरणाने तिला अलंकाराचा दर्जा दिला आहे. फीमाफीच्या अर्जासोबतच्या उत्पन्नाच्या दाखल्यात जी विनम्र अल्पोक्ती असते, तिला अजून कोणी अलंकारांत घेतलेले नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप दहावी झालेल्यांचा आहे. रसग्रहण म्हटले की त्यांच्या पोटात गोळा येतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे तीन मुद्दे, आणि गाइडमधले उत्तर असे, की कवी बदलला तरी एक शब्द बदलावा लागू नये : साध्यासोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे. आता पदवीलाही तेच करायचे? मुळीच नाही. ते रसग्रहण नव्हतेच. तो कवितेचा प्रवेश अर्ज होता. कवितेलाही आपण तीन रकाने दिले आणि ती त्यांत मावली नाही, तेव्हा नापास मात्र मुलांना केले. वाचन याच्या उलट चालते : कोण बोलतो आहे, कोणासमोर, आणि काय बोलायचे टाळतो आहे? हेच तीन प्रश्न घेऊन जनगणनेचा तक्ता वाचला, तर त्याला समाजशास्त्र म्हणतात.

तेव्हा पहिल्या स्वाध्यायात विद्यार्थ्याला त्याचाच भरलेला अर्ज परत द्यावा आणि म्हणावे, याचे रसग्रहण करा. गुण कसे द्यायचे, ही अडचण उरतेच. पण अर्जात कुठेतरी ‘इतर’ हा पर्याय निवडणाऱ्याला पाच गुण जादा द्यायला हरकत नसावी. त्याने निदान प्रश्न वाचला होता.