पाहुणे, जरा रेषेच्या मागं!

उदगीरच्या कुठल्याही सभेत माईक हातात आला की वक्ता दोन मिनिटांत १७६० सालात पोचतो. फेब्रुवारीतली लढाई, सदाशिवरावभाऊ, निजामाची माघार आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, एवढं झाल्याशिवाय सत्काराच्या शालीला कुणी हात लावत नाही. त्या तोफांपुढं चुकून आपलंच माणूस उभं राहू नये, हे कोण बघत होतं, ते मात्र एकही वक्ता सांगत नाही. या खात्याला इतिहासात जागा नाही. वर्तमानातही फारशी नाही, म्हणून हे काम बहुधा सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं.

यंदा ते अर्थशास्त्राच्या सरांच्या गळ्यात पडलं. असे सर तालुक्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात सापडतील, तेव्हा नावाची गरज नाही. एनसीसीचे आधीचे अधिकारी निवृत्त झाले आणि नव्यासाठी स्टाफरूममध्ये विचारणा झाली, त्या दिवशी सर रजेवर होते. त्यामुळं निवड एकमतानं झाली. कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ते जाऊन आले. जाताना बरोबर नेलेलं पोट बरंचसं तिथंच राहिलं, येताना खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे आले. पुढं एनसीसीच्या शिबिरात फळ्यावर त्यांच्या नावापुढं ‘फायरिंग : सेफ्टी’ असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा हे नुसतं उभं राहायचं काम असणार, असा सरांचा समज झाला.

सुभेदारसाहेबांनी तो एका वाक्यात दुरुस्त केला. “सर, यहाँ आपका एक ही काम है. कुछ होने नहीं देना.” सर हसले. महाविद्यालयाच्या कितीतरी समित्यांवर त्यांनी नेमकं हेच काम केलं होतं.

पण इथला कारभार समितीसारखा नव्हता. पॉइंट टू-टूची गोळी अवघ्या अडीच ग्रॅमची. पण बटाची, म्हणजे टार्गेटमागची, मातीची भिंत चुकवून गेली तर दीड किलोमीटरच्या पुढंही माणसाला इजा करू शकते. म्हणून गोळी निघण्याआधी बाकी सगळ्या गोष्टी जाग्यावर लागतात. लाल निशाण वर. बटामागच्या बाजूला पहारेकरी. कानात कापूस. कॅडेट पालथे झोपलेले, नळ्या टार्गेटकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर. ‘भर’ म्हटल्याशिवाय गोळी आत जायची नाही. ‘खाली कर’ म्हटल्यावर बोल्ट उघडा दिसला पाहिजे आणि तो सरांनी स्वतः पाहिला पाहिजे. पुढं कुणी टार्गेट बघायला गेलं असेल, तर मागं रायफलीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. ज्या गावात एसटी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तिथल्या पोरांनी हे सगळं मुकाट्यानं पाळलं. सरांना तास घेताना एवढी शांतता कधी मिळाली नव्हती.

“सर, खाली है,” एक कॅडेट म्हणाला. सुभेदारांनी तरीही वाकून चेंबर बघितला. यात त्या पोरावरचा अविश्वास नव्हता; या वाक्याचा इतिहासच वाईट आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ नावाच्या चित्रपटाच्या सेटवर पिस्तूल सुरक्षित असल्याचं सांगूनच नटाच्या हाती दिलं गेलं. त्यातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली, तीही त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची. परवान्याच्या कागदावर नाव असतं, पत्ता असतो, शिक्का असतो. नळी कुठल्या दिशेला आहे, त्याचा रकाना नसतो.

आमच्या भागात तर बंदूक पेलण्यापेक्षा दाखवण्याची हौस दांडगी. शेजारच्या बीड जिल्ह्यात बाराशेवर शस्त्रपरवाने असल्याची चर्चा २०२४ च्या अखेरीस राज्यभर झाली, हवेत बार काढतानाचे व्हिडिओ घरोघरी पोचले आणि मग प्रशासनाला परवाने रद्द करायची आठवण झाली. वरातीत किंवा जल्लोषात बेफिकीर गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद शस्त्र कायद्यात २०१९ साली आली. वरातीला ती अजून पोचायची आहे.

रेंजवर कॅडेटांचा दुसरा डिटेल, म्हणजे दुसरी तुकडी, झोपला आणि पाहुणे आले.

पाहुणे दोन गाड्यांतून आले. पांढरा लिननचा कुर्ता, कडक इस्त्री, मागं कार्यकर्ते. त्यांतला एकजण मोबाईल धरून व्हिडिओ काढत काढत थेट फायरिंग पॉइंटच्या पुढं निघाला. सरांच्या घशातून आवाज फुटायच्या आत रिकाम्या पुंगळ्या वेचणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलीनं ठणकावलं, “स्टॉप!”

सगळं थांबलं. बोटं ट्रिगरवरून निघाली, बोल्ट उघडले. रेंजवर धोका दिसला की ‘स्टॉप’ कुणीही म्हणावं आणि ते सगळ्यांनी ऐकावं, असा जगभरचा शिरस्ता आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्यानं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं. त्या ऑलिंपिकच्या रेंजवरही ‘स्टॉप’ झालं की विश्वविजेत्यापासून नवख्यापर्यंत सगळे थांबतात आणि काम संपलं की रिकाम्या नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालून दाखवतात. हुद्दा विचारून थांबायची सोय तिथं ठेवलेली नाही. आपल्याकडं एवढी एक सोय काढली, तर निम्मे कार्यक्रम सुरूच होणार नाहीत.

“काय करायलाव सर,” कार्यकर्ता दुखावला, “पाहुणे आलेत की.”

“पाहुणे, जरा रेषेच्या मागं,” सर म्हणाले. आवाज आपलाच आहे, यावर त्यांचा क्षणभर विश्वास बसला नाही.

पाहुण्यांनी मोठ्या मनानं दोन पावलं मागं घेतली आणि एक राउंड मारायची इच्छा व्यक्त केली. परवाना होता, सवय होती, उभ्यानंच मारतो म्हणाले. सरांनी सतरंजीकडं बोट दाखवलं. इथं पोटावर झोपावं लागतं, कोपरं मातीत टेकवावी लागतात, कानात कापूस घालावा लागतो आणि हुकमाशिवाय काहीच करता येत नाही. पाहुण्यांनी आधी उदगीरच्या काळ्या मातीकडं पाहिलं, मग स्वतःच्या कुर्त्याकडं. “पुढच्या वेळी बघू,” ते म्हणाले. कायद्याला जे जमलं नसतं, ते इस्त्रीनं केलं.

शेवटी रिकाम्या पुंगळ्यांची मोजदाद झाली. सुभेदार त्यांना खोके म्हणत. महाराष्ट्रात खोक्यांचा हिशोब इतक्या गांभीर्यानं देण्याची ही एकच जागा असावी. शंभर गोळ्या दिल्या होत्या, पुंगळ्या भरल्या नव्व्याण्णव. जेवणाची घंटा झाली तरी कुणी हललं नाही. गवत विंचरलं, सतरंज्या झटकल्या, कॅडेटांच्या कॉलरी आणि बूट उलटे करून पाहिले. अर्ध्या तासानं सरांनी पाहुण्यांच्या गाडीपर्यंत जाऊन अदबीनं विचारलं, तेव्हा मघाच्याच कार्यकर्त्याच्या खिशातून पुंगळी निघाली. त्यानं ती आठवण म्हणून ठेवली होती. “एका खोक्यासाठी एवढं?” तो म्हणाला आणि आजूबाजूचे का हसले, ते त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नसावं.

संध्याकाळी सरांनी अहवालात अपघाताच्या रकान्यापुढं ‘निरंक’ लिहिलं.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध टार्गेटकडं बोट दाखवणारे पाहुणे, कडेला कापलेल्या चौकटीत मागं व्हा म्हणून उंचावलेला सरांचा फक्त पंजा. खाली ओळ होती : ‘कॅडेट्सना नेमबाजीचे धडे देताना मान्यवर.’ प्राचार्यांनी सरांना बोलावून कौतुक केलं, कात्रणाच्या तीन रंगीत प्रती काढायला सांगितल्या आणि त्यातली एक नॅकच्या फाईलमध्ये ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ या मथळ्याखाली लावून घेतली.