आत्याबाईंचं बावनकशी

अहो वहिनी, कढीपत्ता काय पळून चाललाय का? या की जरा कुंपणाशी. त्या चिखलीच्या ताई काल साज घेऊन गेल्या एकदाचा. होय, त्याच! ज्यांच्यापायी आमचे हे महिनाभर जेवतानासुद्धा ‘कारलं, कारलं’ करत होते. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई नवऱ्याला रोज कारलंच घालते. साजातलं कारलं हो, सोन्याचं.

झालं असं, ताईंच्या आईचा साज २०१९च्या पुरात गेला. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, माणसं नावेतून बाहेर काढायची वेळ आली. तिथं डबे कोण बघत बसतंय? पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली. आत नुसता गाळ. दागिन्यांचा डबा गायब. आई पुढं वारली, पण जाईपर्यंत साजाचं नाव म्हणून काढलं नाही तिनं, आणि लेकींना तेच जास्त लागलंय. आता धाकटीच्या मुलीचं लग्न निघालं, तर तिघी बहिणींनी पैसे घालून आईचा साज परत करायचा ठरवला. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, आणि तिघींना पूर्ण पानांचा साज हवा! गुजरीतल्या सराफांकडे दहा-बारा पानांचे तयार साज ढीगभर टांगलेत. पण नाही. “आईचा होता तस्सा.”

तस्सा म्हणजे कसा, ते सांगायला फोटो एकच. १९६४ मधल्या लग्नातला, काळापांढरा. नवरीची मान खाली, पदर पुढं ओढलेला. पाच-सहा पानं दिसतात, बाकी सगळा पदर. पूर्ण साज एकवीस पानांचा, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दहा दशावताराची, आठ अष्टमंगळाची, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरलं. पण कुठल्या पानाशेजारी कुठलं, हे ज्या त्या सोनाराच्या मनावर. थोरली म्हणाली, चंद्राशेजारी मासा होता. मधली म्हणाली, छट्, कासव. आमच्या दुकानात अशा जुंपल्या दोघी, की समोरच्या दुकानातला पोऱ्या चहा देण्याच्या निमित्तानं दोनदा येऊन गेला.

ह्यांनी मग डोकं लढवलं. सासऱ्यांच्या वेळचे ठसे आहेत आमच्याकडे, अजून तेल लावून ठेवतात. साजाचं पान भरीव नसतं हो वहिनी. पातळ पत्रा ठशावर ठोकून आकार उठवायचा, मागं पाठ बसवायची आणि पोटात लाख भरायची. तर ह्यांनी सोन्याला हात न लावता आधी तांब्याच्या पत्र्यात सगळी पानं ठोकली. कारली तर तीन तऱ्हेची. काळ्या मखमलीवर मांडून तिघींना बोलावलं. थोरल्या दोघी लगेच चष्मे सावरून फोटोशी ताडून बघायला लागल्या. धाकटी तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिनं एक कारलं उचललं आणि गालावर दाबलं. ठेवलं. दुसरं दाबलं. ठेवलं. तिसरं दाबलं आणि म्हणाली, “हे.” लहानपणी आईच्या मांडीवर झोपायची ना, आई वाकली की त्याचे काटे गालाला लागायचे म्हणे! मासा-कासवाचं भांडणही मग तिनंच मिटवलं. (कासवच होतं. थोरली अजून घुश्श्यात आहे.)

पण खरी गंमत पुढंच आहे. जरा जवळ या.

आईनं एकदा पटवेकऱ्याकडून साज नव्यानं ओवून घेतला, तेव्हा एक जवमणी उरला होता. तो धाकटीच्या करंड्यात होता, म्हणून वाचला. “रंग ह्याच्यासारखा पाहिजे,” म्हणून तिनं तो ह्यांच्या हातावर ठेवला. मणी तांबूस. ह्यांनी कसोटीवर घासला, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. बावीस कॅरेटची रेघ जागची हलत नाही, ही बघता बघता फिकी पडली. मशीनवर ठेवला, तर सोनं अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चौदा कॅरेट!

आणि त्याच वेळी दुकानातल्या खुर्चीत कोण बसलंय? ताईंच्या आत्याबाई. म्हणजे आईची नणंद. “आमच्या दादांनी वहिनीला बावनकशी साज घातलाय, तीन तोळ्यांचा,” हे त्यांनी त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं. ह्यांनी मणी मुठीत धरला आणि चहा मागवला.

दादांची, म्हणजे आत्याबाईंच्या वडिलांची, तरी काय चूक म्हणा! चीनच्या लढाईनंतर, १९६३च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायलाच बंदी. १९६६ मध्ये ती अट उठली, पण तोवर कितीक सोनारांच्या शेगड्या विझल्या. सासरे सांगायचे, त्या काळात त्यांनी घड्याळं दुरुस्त करून घर चालवलं. चोरून बावीसचं घडवणारे होतेच. दादा बिचारे कायद्यानं चालले, आणि घरात येऊन बावनकशी म्हणाले. सून यायची होती, आणखी काय म्हणणार?

ह्यांनी धाकटीला एकटीला बोलावून सगळं सांगितलं. चौदात केला, तर रंग हुबेहूब येईल, पैसेही वाचतील. त्यालाही हॉलमार्क मिळतो. पण वर ‘५८५’ उमटणार, आणि आत्याबाई भिंग घेतल्याशिवाय राहणार नाहीत. ती म्हणाली, “बावीसमध्येच करा. आत्याचं बावनकशी राहू दे.” मग ह्यांनी हिणात चांदी घातलीच नाही, नुसतं तांबं घातलं. आईच्या साजाइतका तांबूस नाही आला, पण पिवळाधमकही नाही. मला विचाराल, तर चौदाचा करून उरलेल्या पैशात पोरीला पाटल्या आल्या असत्या. सोनाराची बायको असून असं बोलते, म्हणून हे माझ्यावर डाफरतात.

काल आत्याबाईंनी भिंग मागितलंच. ‘९१६’ वाचलं, त्यापुढचा सहा अक्षरी नंबर वाचला आणि म्हणाल्या, “बघा! मी म्हणत नव्हते? बावनकशी!” वर आणि साज तळहातावर तोलून, “पण हलका वाटतोय गं, आमच्या दादांचा चांगला वजनदार होता.” असणारच! त्यांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा दहाचा, आणि त्या तीन तोळ्यांत लाख किती होती, ते दादांनाच ठाऊक. हे नुसते हसले आणि पावती फाडली.

मीही कुणाला बोलले नाही हो. तुम्ही घरच्या, म्हणून तुम्हाला. पण वहिनी, आत्याबाईंची सून तुमच्या भिशीत आहे ना? आणि परवा भिशी तुमच्याच घरी? मग मलाही बोलवा की, मी थालीपिठं करून आणते.