अंकवेडे काका

प्रत्येक सोसायटीत एक अंकवेडे काका असतातच. त्यांना मोबाइल नंबर सांगा, ते डोळे मिटून पुटपुटू लागतात. जप चाललाय असं समजून आपण गप्प उभे. मग एकदम, "अहो, अकरानं भाग जातो! एकाआड एक अंकांच्या बेरजा सारख्या येतात. नशीबवान आहात!" नंबर सेव्ह करायचा मात्र राहूनच जातो.

विजेचं बिल बघून भल्याभल्यांचे चेहरे पडतात. काकांना 2025 रुपयांचं बिल आलं, तेव्हा त्यांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले. "45 चा वर्ग! आणि 20 अधिक 25 पुन्हा 45. कापरेकर संख्या!" काकू म्हणाल्या, "आधी तो एसी बंद करा." एसी चालूच राहिला. पुढचं बिल 3025. "55 चा वर्ग! 30 अधिक 25 पुन्हा 55!" काकूंनी रिमोट कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली.

काकांचं दैवत म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905–1986). त्यांनी शोधलेल्या 6174 या संख्येची ख्याती 1975 मध्ये मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून जगभर नेली, हे काका घरचं कार्य असल्यासारखं सांगतात.

त्यांचा खरा रंग चढतो तो लग्नाच्या पंगतीत. पत्रिकेच्या पाठीवर नऊ एक्के लिहायचे, त्यांचा वर्ग करायचा: 12345678987654321. "सतरा अंकी! उलटी वाचा, तीच. अंकांची बेरीज 81, आणि 81 नंच नि:शेष भाग जातो. म्हणजे हर्षद संख्या. शिवाय डेमलो. कापरेकरांना ही कल्पना सुचली जीआयपी रेल्वेच्या डेमलो स्टेशनात!" तोवर वाढपी मठ्ठा घेऊन तीनदा पुढे गेलेला असतो. एवढ्यात शेजारचं कार्टं विचारतं, "आजोबा, दहा एक्के घेतले तर?" काका मलूल होतात. दहाव्या एक्क्याबरोबर हातचा घुसतो आणि उत्तर येतं 1234567900987654321. चढताना 8 गळतो, माथ्यावर दोन शून्यं. त्या दिवशी काका जिलबीला नाही म्हणतात.

त्यांचं खरं दु:ख वेगळंच आहे. लोक त्यांना अंकज्योतिषी समजतात. "काका, गाडीला कुठला नंबर घेऊ?" "1729 घे. दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी! शिवाय 19 गुणिले 91!" "ते ठीक, पण लाभेल का?" काका कपाळाला हात लावतात.

कारण संख्येकडून काहीतरी मिळावं, हे त्यांच्या डोक्यात कधी येतच नाही. ती आहे तशी आवडते, संपलं. इतकं निर्लोभ प्रेम हल्ली माणसांच्याही वाट्याला येत नाही. तेव्हा असे काका भेटले तर नंबर जरूर सांगा. फक्त गाडी पकडायची असेल, तर अर्धा तास आधी सांगा.