नावडतीचे कानसेन

गाणं ऐकणाऱ्यांत एक जमात असते. तिला आवडण्यापेक्षा नावडण्यात जास्त गोडी. आमचे सदाशिव पेठेतले नाना त्या जमातीचे मुकुटमणी. त्यांच्या नावडतीच्या यादीत पहिलं नाव कायम एकच, कुमार गंधर्व.

"बढत कुठाय? विलंबित का गात नाहीत? मध्येच एवढा सूर का फेकायचा? घराणं कुठलं?" प्रश्नांची सरबत्ती चालू असायची. कुणी आठवण करून द्यायचं की १९४८ मध्ये क्षयानं देवासला नेलं, एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणंच बंद होतं. नाना ठसक्यात म्हणत, "तब्येतीबद्दल सहानुभूती आहे. गाण्याबद्दल नाही." कुमारांनी बालगंधर्वांची पदं आपल्या पद्धतीनं मांडली, तेव्हा तर घरचा देव्हारा कुणी परस्पर भाड्यानं दिल्यासारखा नानांचा चेहरा झाला होता.

पण मैफल एकही चुकवायची नाही! "ऐकल्याशिवाय नावं कशी ठेवणार?" समेवर अख्ख्या सभागृहाची मान डोलायची, नानांची ताठ. शालीखाली गुडघ्यावर बोट मात्र ठेका धरून असायचं. त्याचा उल्लेख केलेला त्यांना खपत नसे.

१९६५ सालचं 'अनूपरागविलास'ही त्यांनी पदरमोड करून घेतलं, तेही चुका काढायला. कुमारांच्या एकेका बंदिशीशेजारी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

पंच्याऐंशीला टेकल्यावर घात झाला तो नातवाच्या मोबाइलनं. दुपारी फैयाज खाँ लावून नाना आडवे झाले. खाँसाहेब संपले आणि यंत्रानं न विचारता पुढचं गाणं लावलं. भीमपलास. डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळे नाव दिसेना. नाना उठून बसले. "कोण रे हा? दोन स्वरांत राग उभा केला की! तंबोरे ऐक, काय लागलेत!" नातवानं नाव वाचलं. नानांनी चष्मा मागवला, स्वतः खात्री केली आणि म्हणाले, "पुन्हा लाव."

तेव्हापासून उलटी गंगा. जिथं तुकडे दिसत होते, तिथं आता नानांना नेमकेपणा दिसतो. माळव्यातल्या बायकांची गाणी आजारपणात कानावर पडली, त्या लोकधुनांतून कुमारांनी नवे राग घडवले, हे ते दूधवाल्यालाही समजावून सांगतात. कुणी बढतीचं नाव काढलं की खेकसतात, "लांबलचक गाणं म्हणजे खोल गाणं नव्हे!" मत बदललं, आवाजाची पट्टी तीच.

परवा गेलो तर मांडीवर 'अनूपरागविलास', हातात खोडरबर. एकेक प्रश्नचिन्ह पुसणं चाललेलं. दोन तशीच ठेवली होती. "ही का?" म्हटलं, तर म्हणाले, "ती खरी आहेत. मी काय भक्त आहे?"

पुस्तकातली सगळी बंदिश अन् बंदिश त्यांना पाठ आहे. कुमारांच्या भल्याभल्या चाहत्यांना ती नसते, कारण त्यांनी माना डोलावल्या आणि नानांनी खोड्या शोधल्या. तेव्हा नानांकडे कधी गेलात, तर "मला कुमार पहिल्यापासून आवडतात" असं चुकूनही बोलू नका. "पहिल्यापासून? मग ऐकलंत कधी?" असं ते विचारतील. उत्तर तयार ठेवूनच जा.