दोन वेळा जेवणारे, सहा वेळा वाढणारी

"अगं, आमच्याकडं आता ५५ मिनिटांचं राज्य आलंय," काकूंनी भिंतीवर कोपरं टेकवली आणि मी समजले, माझी कपडे वाळत घालायची बादली आता अर्धा तास तशीच राहणार.

नगरच्या सावेडीतल्या आमच्या कॉलनीत दोन बंगल्यांमधली भिंत छातीइतकीच आहे. ज्या गवंड्यानं ती तेवढ्यावर थांबवली त्याचं भलं होवो.

"म्हणजे काकांनी पण दीक्षित डाएट धरलं?"

"धरलं म्हणजे काय! दोन महिने झाले. साडेअकराला एक ताट, साडेसहाला एक ताट. मधे फक्त पाणी, पातळ ताक, नाहीतर तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा. ताटावर बसले की शेजारी मोबाईल, त्यात ५५ मिनिटं लावलेली. पन्नास मिनिटं निवांत जेवतात आणि शेवटच्या पाचात लाडू, केळं, मूठभर दाणे, सगळं आत. म्हणे गोड खायचं तर ह्याच वेळात खायचं, नंतर नाही."

"उतरलं का वजन?"

"उतरलं. खोटं कशाला बोलू? पँटीला पट्टा लागायला लागला. पण माझं काय उतरलं ते विचार."

हे खूळ नवं नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार सांगायचे, खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, एरवी तोंड बंद. आपण जितक्या वेळा खातो तितक्या वेळा इन्सुलिन पाझरतं, आणि ते जास्त असेतोवर चरबी हलत नाही, असा त्यामागचा हिशेब. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तोच धागा धरून गावोगाव व्याख्यानं दिली, जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं सांगितलं, आणि घराघरात दोन पक्ष पडले. कारण दुसरीकडं ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. एकाच सोफ्यावर नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर, अशी घरं मी ह्या गल्लीतच दाखवीन. आमच्या नणंदेकडं तर दोघांनी मिळून सुवर्णमध्य काढला: दोन वेळा पोटभर आणि शिवाय दर दोन तासांनी!

"पण काकू, कोपऱ्यावरच्या आजोबांचं ऐकलंत ना? साखरेची गोळी चालू, आणि कुणाला न विचारता नाश्ता बंद केला. दहा वाजता दरदरून घाम, हात थरथरायला लागले. सुनेनं साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं."

"तर! गोळ्या-इंजेक्शनवाल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करूच नये. ह्यांना आधी तपासण्या करायला लावल्या मी." काकू एकदम पुढं झुकल्या, म्हणजे आता खरा विषय. "बरं, माझा हिशेब ऐक. नातवाची शाळा सातला, त्याचा डबा सहाला. सून बँकेत, तिची पोळी-भाजी नवाला. साडेअकराला ह्यांचं ताट, गरमच लागतं. मुलगा नागापूर एमआयडीसीत, ह्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, तो एकला जेवून निघणार. साडेसहाला परत हे. नऊला सून आणि नातू. आणि मुलगा रात्री साडेबाराला आला की 'आई, असू दे, मी घेतो' म्हणतो आणि घेत नाही. दोन वेळा जेवणारा घरात एक माणूस, पण गॅस पेटतो सहा वेळा. सातव्या वेळेचं तर नाव घेऊ नको."

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून भाभी आल्या. आमच्या नगरच्या गप्पांत जैन शेजारीण नसेल तर त्या गप्पा अळणीच.

"काकू, आमच्याकडे या दोन दिवस," भाभी हसल्या. "चौविहार असतो. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. डिसेंबरात सहाच्या आत सगळे जेवून मोकळे, जूनमध्ये सातपर्यंत. सात-साडेसातला माझा ओटा पुसून कोरडा. सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्य उगवल्यावर ४८ मिनिटं होईपर्यंत तोंडात काही नाही."

"बघ," काकू मला म्हणाल्या, "ह्यांची ४८ मिनिटं, आमच्यांची ५५. मिनिटं मोजल्याशिवाय कुणाला जेवणच जात नाही."

"पण आमच्यात एक आहे," भाभी म्हणाल्या, "सूर्य सगळ्यांसाठी एकदमच मावळतो. एकटा नंतर येऊन 'गरम कर' म्हणू शकत नाही." मग जरा आवाज खाली. "चातुर्मासात आनंदधामला व्याख्यानाला गेलं की सगळे पाळतात. आमचा धाकटा मात्र हिंजवडीला रात्री अकराला मोबाईलवरून मागवून खातो. त्याच्या आजीला आम्ही सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका."

आम्ही कशाला सांगतोय. (आजींना ते दिवाळीपासून माहीत आहे.)

आमचे हे व्हरांड्यात पेपरामागं होते. इतिहासाचे मास्तर, त्यांना विषय कुठलाही असो, शेवटी भुईकोट किल्ल्यातच जायचं असतं. पेपर खाली न करता म्हणाले, "१९४२ साली काँग्रेसचे बरेच बडे पुढारी इथं किल्ल्यात आणून ठेवले होते. नेहरूंनी तिथं लिहिलेल्या पुस्तकाचं सगळे सांगतात. पण मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठायचे, चिनी चहा करून प्यायचे. बिनदुधाचा. चहात दूध घालणं त्यांना मान्यच नव्हतं. 'गुबार-ए-खातिर'मध्ये लिहून ठेवलंय."

"चहा कोण करायचं?" काकूंनी लगेच विचारलं.

"स्वतःच."

"तुरुंगात असून स्वतःचा चहा स्वतः! भाऊजी, जरा मोठ्यानं सांगा, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दे."

ह्या जिल्ह्याचं जेवणाशी नातंच विचित्र आहे. राळेगणच्या अण्णांनी २०११ साली दिल्लीत उपोषण केलं तर अख्खा देश घास हातात धरून टीव्हीपुढं बसला. आणि इकडं खेड्यात शेतकरी कधी जेवतो, ते कुणी कधी विचारलं नाही. माझं माहेर राहुरीकडचं. आमच्या अप्पांचं जेवण ठरवायची वीज. शेताची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात अप्पा संध्याकाळी सहालाच भाकरी खाऊन ऊस भिजवायला निघायचे, उसात बिबट्या असेल ह्या धाकानं हातात बॅटरी नि काठी, आणि पहाटे परत येऊन कालवण गरम करा म्हणायचे. अप्पांच्या भुकेची वेळ वायरमनला माहीत. आता सौर कृषी वाहिनी आली, तिचा पहिलावहिला प्रकल्प राळेगणलाच झाला, दिवसा वीज मिळायला लागली की जेवणं पण उजेडात येतील. भावाच्या फीडरला अजून तिचा पत्ता नाही.

"तुझे अप्पा निदान घरी तरी जेवायचे," काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. "आमच्या आळीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला. बाई तीनला उठणार, थंडीत चूल पेटवून दिवसभराच्या भाकऱ्या थापणार, पोरं गुंडाळून बैलगाडीत घालणार आणि उजाडायच्या आत फडात. दहा-अकराला बांधावर बसून भाकरी आणि ठेचा. त्यानंतरचं जेवण कधी? ट्रक भरून झाल्यावर. ट्रक रात्री बाराला आला तर बाराला मोळ्या उचलायच्या. आमची आतेबहीण वीस वर्षं गेली. तिला विचार, जेवायची उत्तम वेळ कोणती. ती म्हणेल, बसायला मिळेल ती."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मीच, आपलं वातावरण हलकं करायला, भाचीनं सांगितलेलं सांगितलं. ती पुण्याला आहारशास्त्र शिकते. स्पेनमध्ये वजन कमी करायला आलेल्या ४२० लोकांवर वीस आठवडे लक्ष ठेवलं होतं. तिकडं दुपारचं जेवण मुख्य. काही तीनच्या आत जेवायचे, काही तीननंतर. खाणं जवळपास सारखं, झोप सारखी, तरी तीननंतर जेवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. २०१३ साली ते छापून आलं. शरीराचं एक घड्याळ असतं म्हणे, दिवस कलला की साखर पचवण्याची ताकद उतरते. शरीराचं हे घड्याळ आतून कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल पण मिळालं.

काकू माझ्याकडं बघत राहिल्या.

"तीननंतर?"

"हो."

"ह्या घरात तीनला जेवणारी मी एकटी. ह्यांचं झालं, पोराचं झालं, भांडी घासायला बाई येऊन गेली की मी बसते. ताट पण घेत नाही, कढईतच भात कालवते. आणि रात्री साडेबाराला पोराबरोबर अर्धी पोळी, त्याला एकट्याला जेवण जात नाही म्हणून." त्यांनी पदरानं मान पुसली. "सतरा किलो माझं जास्त आहे. डॉक्टर म्हणाले, काकू, खाण्यावर ताबा ठेवा."

भाभी म्हणाल्या, "ताबा कसला? वेळच तुमची नाही."

मला विचाराल तर दीक्षित बरोबर की दिवेकर, हा वाद मी ऐकते आणि सोडून देते. दोघांचंही शास्त्र ज्याचं ताट कुणीतरी वाढून देतं त्याच्यासाठी आहे. वाढणाऱ्या माणसानं भूक कधी ओळखायची, ह्यावर व्याख्यान मी अजून ऐकलेलं नाही. दोघंही भले. कुणी आमच्या कॉलनीत बोलावलं तर हा प्रश्न विचारायला मी पहिल्या रांगेत बसेन.

"अगं," आतून काकांचा आवाज आला, "ताक कुठंय?"

"फ्रिजमध्ये, दुसऱ्या खणात."

"मिळत नाही!"

"मग हुडका!" काकू भिंतीवरून हलल्या नाहीत. "सोमवारपासून मी सांगून टाकणार आहे. साडेअकराला मी ह्यांच्याबरोबरच बसणार. गरम पोळी हवी असली तरी दोघांच्याही गारच. पोराचं ताट झाकून ठेवीन, घरात मायक्रोवेव्ह काय फक्त घड्याळ बघायला घेतलाय? संध्याकाळी सातनंतर भाभींसारखा ओटा पुसून बंद."

"आणि संकष्टीला?" मी विचारलं. "उगवायला चंद्र तर बऱ्याचदा नऊ वाजवतो."

"चंद्राला काय सांगणार बाई. त्या दिवशी नऊ. बाकी नाही."

"रविवारी पण?"

"रविवारी मटण असतं," काकू म्हणाल्या आणि भाभींकडं बघून ओशाळं हसल्या, "त्याचं मग बघू. बरं, ते जाऊ दे. काल रात्री अकराला कोपऱ्यावरच्या बंगल्यापुढं टेम्पो उभा होता, बघितलास का? कपाट उतरवत होते. भाडेकरू आलेत का पोरगं वेगळं होतंय?"