खाण्याचा मासा, पाहण्याचा मासा

पाळीव प्राण्यांच्या दुकानात निळ्या दिव्याखाली झेब्रा मासे लखलखत असतात. लाल तो ‘स्टारफायर रेड’, हिरवा तो ‘इलेक्ट्रिक ग्रीन’. हा रंग वरून दिलेला नाही. प्रवाळ, जेलीफिश अशांची जनुकं घालून तो पिढीजात केलाय. वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या बॉथेलचं कुठलंही पोर खाऊच्या पैशांत हा ग्लोफिश घरी आणू शकतं. 2003 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगून टाकलं: हा मासा कोणी खात नाही आणि साध्या झेब्रापेक्षा तो घातक असल्याचा पुरावा नाही, सबब आमचा संबंध नाही.

आता खाण्याचा मासा बघा. अ‍ॅक्वाबाउंटी कंपनीचा सामन. अटलांटिक सामनमध्ये चिनूक सामनचं वाढीचं जनुक घातलं, तीन वर्षांची वाढ दीड वर्षात. प्रशासनाने ते जनुक चक्क ‘पशुऔषध’ ठरवलं. मासा जन्मला 1989 ला, मंजुरी 19 नोव्हेंबर 2015 ला. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या आम्हा मंडळींना ही 26 वर्षं फार वाटत नाहीत, ते सोडा. अटी अशा: सगळ्या माद्या, त्याही वांझ, अंडी कॅनडात, वाढ पनामात, तीही जमिनीवरच्या टाक्यांत. मग अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्कींनी लेबलाचा मुद्दा काढून आयात अडवली, ती 2019 पर्यंत. 2020 मध्ये मंजुरीविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश विन्स छाब्रियांनी, मासा निसटला तर काय याचा विचार नीट झालाच नाही, असं सुनावलं. दावेदारांत आमच्या राज्यातले क्विनॉल्ट आदिवासीही होते. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीने मत्स्यपालन गुंडाळलं.

आमच्या वॉशिंग्टन राज्यात असा जनुकबदल केलेला मासा समुद्री पिंजऱ्यात वाढवायला बंदीच. पण ऑगस्ट 2017 मध्ये सायप्रेस बेटाजवळ कुक अ‍ॅक्वाकल्चरचा पिंजरा कोसळला आणि जनुकाने अगदी सोवळा असलेला अटलांटिक सामन प्युजेट साउंडभर पसरला. कंपनीने खापर फोडलं सूर्यग्रहणाच्या भरतीवर! ग्रहण 21 तारखेला, पिंजरा मोडायला लागला 19 ला. वेध आधीच लागतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, पण दोन दिवस आधी? सुटलेले मासे कंपनीच्या हिशेबात चार-पाच हजार, राज्याच्या चौकशीत अडीच लाखांच्या आसपास. खरं कारण, जाळ्यांवर शिंपल्यांचा थर साचला होता आणि तो कोणी साफ केला नव्हता.

ताटात काय पडतं यावर पाव शतक खल. पाण्यात काय पडतं ते पडल्यावर मोजायचं.

ग्लोफिश बॉथेलच्या थंड पाण्यात तगणार नाही, मान्य. ब्राझीलच्या ओढ्यांत मात्र तो तगला, वाढला. 2022 मध्ये तिथल्या संशोधकांनी ते छापलं. आणि झेब्रा मूळचा भारतीय उपखंडातला. म्हणजे भाच्यासाठी पिशवीतून ग्लोफिश पुण्याला न्यावा म्हणणारा हौशी मामा त्याला माहेरीच पोचवेल.

भारतात 1989 च्या नियमांनुसार असा जीव आणायला पर्यावरण खात्याच्या जीईएसी समितीची परवानगी लागते. खाण्याचा की पाहण्याचा, असा भेद नाही. नियम अमेरिकेपेक्षा शहाणा. अंमलबजावणीचं विचाराल, तर 2000 सालापासून बंदी असलेला थाई मांगूर मासा उजनीकाठी कसा पोसला गेला, हे इंदापूर-भिगवणकडच्या कोणालाही विचारा.