तेल्यावर औषध नाही, कॅन्सरवर आहे!

इंदापूरचा डाळिंबवाला बाटलीवरचा बॅच नंबर पाहिल्याशिवाय झाडावर एक फवारा मारत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून आणतो, दुकानदाराकडून पक्कं बिल घेतो. 'तेल्या रोग मुळासकट घालवतो' म्हणणारा कुणी बांधावर आलाच, तर त्याला चहासुद्धा मिळायचा नाही.

घरात म्हातारीला गाठ निघाली की मात्र हाच माणूस वर्तमानपत्रात बांधलेली पुडी आणतो. कशाची? 'जडीबुटीची.' बिल? 'देवमाणूस आहे हो, बिल कसलं मागता!' पथ्य: वांगं बंद, आंबट बंद आणि केमोही बंद. गुण आला नाही, तर म्हातारीनं चोरून लोणचं खाल्लेलं असतं.

कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून पाव्हणा सांगतो. पाव्हण्याला कलम लागत नाही.

झाडपाल्याचंच हवं, तर व्हिन्क्रिस्टिन आहे की! अंगणातल्या सदाफुलीतून निघालेलं, रक्ताच्या कॅन्सरवर जगभर चालणारं. पण ते मोजून, रक्त तपासून शिरेतून देतात, म्हणजे 'केमिकल'. प्राणायामाशी भांडण नाही. केमोच्या जोडीला थकवा, धास्ती कमी करायला तो बरा. पण नुसत्या श्वासाचे पैसे किती मागणार?

सध्या हवा लक्ष्मणफळाची. त्याच्या अर्कानं काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं. फिनेलनंही मरतात. तरी एकरी रोपं किती बसतील, याची चौकशी सुरू झालीय.